लिलावातला केक

“परत!” इदालिनाने केक डोक्यावर धरून आरोळी ठोकली, चौकात टाळ्या पडल्या, आणि देओलिंदाचा केक पुन्हा लिलावाच्या टेबलावर आला.

देओलिंदाने वाकून पाहिलं. केकची कड खचली होती.

डोंगरातल्या वाड्यांवर एकटी राहणारी म्हातारी माणसं, त्यांच्या दारात रोज दुपारी गरम जेवण पोचवायचं काम गाव करत होतं. जेवण नेणारी गाडी मात्र आता चढावर मान टाकायची. नवी घ्यायची म्हणून यंदा लिलाव जोरात होता. चीज होतं, सॉसेजच्या माळा होत्या, जिवंत कोंबड्या होत्या, आणि बेल्मिरो खाटीक बाकावर चढून बोली पुकारत घसा फोडत होता. रीत अशी, की बोली जिंकणाऱ्याने पैसे टाकायचे, आणि मन मोठं असेल तर वस्तू परत द्यायची, पुन्हा विकायला. आता कोंबडी कोण परत देतंय? सॉसेज तर नावच नको. मोठ्या मनाची सगळी हौस फिटायची ती देओलिंदाच्या केकवर.

वर्षानुवर्षं हेच. केक दहा हातांतून फिरायचा, गाव तिला डोक्यावर घ्यायचं, आणि संध्याकाळी तो न कापलेला केक तिच्याच कोंबड्यांपुढे जायचा. लोकांच्या ओढाताणीत टिकावा म्हणून ती तो दरवर्षी जरा जास्तच कोरडा भाजायला लागली होती. गेल्या वर्षीचा तर कोंबड्यांनीही टोचून सोडून दिला. ते पाहून बाईचं डोकं फिरलं. यंदा तिने हिशेब न करता अंडी फोडली, भट्टीतून वेळेआधीच काढला, आणि आई करायची तसा केक केला: वरून सोनेरी, पोटात ओला. एकदा तरी कोणीतरी तो खावा, एवढीच तिची इच्छा. पण असला केक किती हात सोसणार?

“अगं, ने की घरी!” तिने इदालिनाला कोपऱ्यात गाठलं. “नातवंडं आलीत ना तुझी?”

“वेड लागलंय का तुला? माझी अब्रू काढतेस? खादाड म्हणेल मला सगळं गाव!”

केक पुन्हा विकला गेला. “परत!” पुन्हा विकला गेला. “परत!” आता तो मधोमध बसला होता. आणखी दोन हात लागले की लगदा, आणि मग लोक म्हणणार, देओलिंदाचा हात गेला. तिने डोळेच मिटून घेतले.

तेवढ्यात ती जेवणाची गाडी खोकत खोकत चौकात शिरली. आदेरितो खाली उतरला. हा माणूस समुद्राकडचा, यंदाच वसंतात गाडी चालवायला आलेला. सकाळपासून पंचवीस घरी जेवण वाढून आला होता आणि स्वतःच्या पोटात एक घास नव्हता. टेबलावर केक पाहिला आणि त्याने हात वर केला. इदालिनाने बोली वाढवली. त्याने त्याहून वाढवली. इदालिनाने हात खाली घेतला.

“एक वार, दोन वार, तीन वार! केक आदेरितोचा!”

“परत! परत!” चौक ओरडू लागला.

आदेरितोला वाटलं, आपलंच कौतुक चाललंय. त्याने हसून सगळ्यांना हात केला, चर्चच्या पायरीवर बसकण मारली, खिशातून चाकू काढला आणि केक सरळ कापला.



“अरे कर्मा!” बेल्मिरोने कपाळाला हात लावला. “नव्या गाडीचं पुढचं चाक कापलंस की रे!”

आदेरितोला काही ऐकू येत नव्हतं. केकमधून पिवळाजर्द ओघळ त्याच्या बोटांवर उतरला होता आणि तो मनगटापर्यंत चाटत सुटला होता. “मावशी,” तोंड भरलेलं, डोळे पाणावलेले, “हे काय आहे, मावशी?”

देओलिंदाला हसू येत होतं आणि रडूही.

“बघू रे जरा,” म्हणत इदालिना पुढे झाली, एक कण उचलला, जिभेवर ठेवला आणि जागीच उभी राहिली. “देवा माझ्या! आणि मी मघाशी हा हातातला परत दिला?” मग कसली अब्रू नि कसलं काय! “मला एक तुकडा दे, आदेरितो. घे, पैसे घे!”

“थांबा!” बेल्मिरो खाटीक तो, त्याला तुकड्यांचा भाव कळणार नाही तर कोणाला? त्याने आदेरितोच्या हातातला चाकू घेतला. “तुझा तुला राहू दे एक. बाकीचा सुटा विकू. हां, बोला! पहिला तुकडा!”

असा लिलाव त्या चौकाने पाहिला नव्हता. पाद्रीबाबांनी दोन तुकडे घेतले आणि दोन्ही स्वतःच खाल्ले. इदालिना भिंतीकडे तोंड करून खात होती, नातवंडांनी पाहू नये म्हणून. प्रत्येक तुकड्याला मघाच्या अख्ख्या केकची बोली लागत होती, आणि ‘परत’ हा शब्द कोणाच्या तोंडात येईना, जागाच नव्हती तोंडात.

शेवटी टेबलावर उरला तो केक भाजताना खाली घातलेला कागद, कडांना चिकटलेल्या चुऱ्यासकट. बेल्मिरोने तो निशाणासारखा फडकवला.

“हा कागद! चाटायचा कागद! कोण घेतो?”

भराभर हात वर झाले. त्यात एक हात टाचा उंचावून सगळ्यांच्या वर आला होता, देओलिंदाचा.