ऐंशी पानं

"तुमची कादंबरी ऐंशी पानं वाचून ठेवून दिली," वाचनकट्ट्यावर देवस्थळीबाई सगळ्यांदेखत मला म्हणाल्या. "फार रेंगाळते हो. किती धीर धरायचा माणसानं?"

मी खाली मान घालून सतरंजीचे दोरे ओढत राहिले. सात वर्षं लागली होती लिहायला.

शेजारून माझा नवरा उसळला. "धरायलाच हवा! अशी पुस्तकं सावकाश उलगडतात. शेवट वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं." तीस वर्षांच्या संसारात तो चारचौघांत पहिल्यांदाच माझ्या बाजूनं बोलत होता. मला भरून आलं.

"मग तुमची प्रत द्या. माझी वाचनालयाची होती, परत केली. पुन्हा बघते वाचून."

मी सही करून दिलेली प्रत त्यानं ऐटीत पिशवीतून काढली. बाईंनी ती उघडली आणि त्या थबकल्या. मीही वाकून पाहिलं. आठव्या पानापासून सगळी पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यात कापायची राहिलेली, नंतर कुणीच न सोडवलेली.

बाईंनी पुस्तक हळूच मिटलं. नवरा अजून शेवटाबद्दलच बोलत होता.

"ऐंशी पानं वाचलीत," मी बाईंना म्हटलं, "आभारी आहे."