पिवळा पंख

"काका, जे मोडलं तर रडू येईल असं विमान लढाईला आणायचं नसतं," समोरचा खेळाडू हसत म्हणाला. मोघ्यांकडे रिमोटवर उडणारं हे एकच विमान होतं. पंखांवरचं पिवळं कव्हर बायकोनं आजारपणात, खाटेवर बसून, इस्त्री फिरवून चिकटवलं होतं. "बरी झाले की बघायला येईन," म्हणाली होती. महिन्याभरात ती गेली.

दोन्ही विमानांच्या शेपटीला कागदी फीत होती. आपल्या विमानाच्या पात्यानं दुसऱ्याची फीत कापायची. मोघे रिमोट हाती घट्ट धरून आपलं विमान नुसतं लांब पळवत राहिले.

"अहो, लढा की! पळायलाच आलात काय?"

मोघ्यांना ते लागलं. त्यांनी विमान वळवलं. फीत राहिली बाजूला, विमानंच एकमेकांवर आदळली.

रिवाजाप्रमाणे दोघं मिळून तुकडे वेचायला गवतात गेले. त्या माणसानं मोडलेला पिवळा पंख उचलून निरखला.

"एक सुरकुती नाही! कव्हर कोणी चढवलं?"

"बायकोनं."

"मग कसली चिंता? काकूंना सांगा, रविवारपर्यंत दुसरा पंख तयार ठेवा."

"सांगतो," मोघे म्हणाले आणि खाली वाकून गवत चाचपत राहिले.