अकरा वेळा

देवाच्या कृपेशिवाय जुना डिझेल ट्रक थंडीत सुरू होत नाही, यावर बदलापूरच्या चंदरची अढळ श्रद्धा होती. म्हणून ट्रक विकत घेतल्या दिवशीच त्याने डॅशबोर्डवर गणपतीचा भलामोठा स्टिकर चिकटवला. आधीच्या मालकाकडे एका झटक्यात उठणारा ट्रक तेव्हापासून रोज सकाळी नुसता खोकायचा.

'आज उशीर झाला तर उद्यापासून दुसरी गाडी,' असं अंबरनाथच्या कारखान्याने बजावलं, तेव्हा चंदरने उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून लछमनभाई मेकॅनिकला आणलं.

लछमनभाईंनी बॉनेटही उघडलं नाही. स्टिकरकडे पाहत म्हणाले, "हा काढू?"

"पाप लागेल, भाई! त्याच्याच भरोशावर तर चालतोय."

"चालतोय कुठे?" लछमनभाईंनी उसासा टाकून चावी अर्धी फिरवली. "बरं साईं, हात जोड, डोळे मिट. अकरा वेळा बाप्पाचं नाव घे. सावकाश. मग स्टार्टर मार."

अकरावं नाव संपलं, चंदरने स्टार्टर मारला आणि ट्रक धडाडून उठला. चंदरने लछमनभाईंचे पायच धरले. "भाई, तुम्ही माणूस नाय!"

"रोज असंच कर," लछमनभाई म्हणाले. "घाई नको."

थंड इंजिनाचे हीटर तापायला पंधरा सेकंद लागतात. ते तापेपर्यंत थांबा, असं सांगणारा पिवळा दिवा स्टिकरखाली, बाप्पाच्या पोटामागे होता.