पुलाअलीकडचा थांबा

माझ्या नवऱ्याच्या, वेंडेलच्या पिस्तुलाचा परवाना पेनसिल्व्हेनियाचा. पूल ओलांडून न्यू जर्सीत शिरलं की तेच पिस्तूल कमरेला असणं गुन्हा. म्हणून दर रविवारी लेकीकडे जाताना आम्ही पुलाअलीकडच्या शेवटच्या पेट्रोल पंपावर थांबतो. वेंडेल पिस्तूल रिकामं करतो, पेटीत घालून कुलूप लावतो, पेटी डिकीत ठेवतो. अकरा वर्षं हेच चाललंय. मी आपली मांडीवर केकचा डबा धरून बसते.

"कायदा पाळला की डोक्याला ताप नाही, आर्लीन," हे त्याचं दरवेळचं वाक्य.

काल त्याने डिकी लावली आणि टोपीवाला एक माणूस चाकू घेऊन समोर उभा राहिला. वेंडेलने मुकाट्याने पाकीट काढून दिलं.

मला भीतीपेक्षा वैतागच जास्त आला. "अरे मेल्या, आठवडाभर हा माणूस पिस्तूल लावून हिंडतो. तुला नेमकी आत्ताच बरी वेळ सापडली?"

पाकीट खिशात घालत तो म्हणाला,

"मावशी, कायदा मलाही पाठ आहे. डिकी बंद झाल्याशिवाय मी इथे कुणाच्या वाटेला जात नाही."