साबणाची नवी वडी

"चार वाजता केबिनमध्ये ये," एवढंच म्हणून मॅडम निघून गेल्या. हातातलं पत्रक तीनदा वाचूनही तिच्या डोक्यात शिरेना.

औषधांच्या खोक्यात घडी करून घालतात त्या पत्रकांतल्या चुका शोधणं हे तिचं काम. चुका शोधणाऱ्या बाईने स्वतः चूक करून चालत नाही. गेल्याच महिन्यात पॅकिंगमधला दाढीवाला घरी बसला होता. त्याने आपल्या ब्लॉगवर कंपनीच्या चहाला 'कोमट पाणी' म्हटलं होतं, बास.

ब्लॉग तिचाही होता. पण ती ताकसुद्धा फुंकून पिणारी. नाव नाही, गाव नाही, ऑफिसचा 'ऑ'सुद्धा नाही. लिहायचं ते जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या फोनवर. विषय एकच, सासूबाई. झिजलेला तुकडा दाखवल्याशिवाय साबणाची नवी वडी न देणाऱ्या, न्हाणीघराबाहेर घड्याळ घेऊन उभ्या राहणाऱ्या, आणि कुणाचंही काम तडीला गेलं की 'मी होते म्हणून' असं ऐकवणाऱ्या सासूबाई. हजारभर सुना ते वाचून पोट धरून हसायच्या.

चारला पाच कमी असताना तिने घरी फोन लावला. लेकीला दिवसभर सासरेच सांभाळायचे.

"बाबा, मला आत बोलावलंय. कळलं वाटतं."

"धीर धर. पोरगी मजेत आहे, माझा चष्मा चावतेय," बाबा म्हणाले. "आणि तू होऊन काही कबूल करू नकोस."

नवऱ्याचं शिक्षण अजून संपायचं होतं. घर चालत होतं ते तिच्या या नोकरीवर.

मॅडमच्या संगणकावर तिचाच ब्लॉग उघडा होता. "हा डबा तुझाच ना?" त्यांनी ब्लॉगवरच्या एका फोटोवर बोट ठेवलं. मोडक्या कडीच्या जागी लेकीची पिवळी रिबन बांधलेला डबा. शंभर डब्यांतही ओळखू यावा असा. सगळं झाकलं आणि नेमका डबा उघडा राहिला!

"हो," ती कसंबसं म्हणाली.

तेवढ्यात एक कारकून आत आला. त्याने संपलेली रिफिल टेबलावर ठेवली. मॅडमनी ती उजेडात धरून पाहिली, मग खणातून नवं पेन काढून दिलं. तो गेला.

"बस," मॅडम म्हणाल्या. "अथपासून इतिपर्यंत वाचलं मी." त्यांचे डोळे चक्क पाणावले होते. "कशी गं राहतेस असल्या बाईपाशी? साबणाचा तुकडा दाखवायचा? सासू आहे की तुरुंगाची पहारेकरीण?"

"सवय झालीय, मॅडम."

"सवय कसली डोंबलाची! तू लिही. मनसोक्त लिही. फक्त ऑफिसबद्दल एक अक्षर नको."

"एक अक्षर नाही, मॅडम."

"आणि रविवारी मी येते तुझ्या घरी. चार शब्द सुनावते त्या बाईला. कुणीतरी आरसा दाखवायलाच हवा. पुढे सांगशील सगळ्यांना, मॅडम होत्या म्हणून!"

तिने नको नको म्हणायला तोंड उघडलं, पण मॅडमची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली होती. "पळ आता. सात मिनिटं झाली."

ती जिन्यात आली आणि तिने परत फोन लावला.

"नोकरी आहे ना?" बाबांनी आधी तेच विचारलं.

"आहे. पण बाबा, मॅडम रविवारी घरी येताहेत. सासूबाईंना आरसा दाखवायला."

"सोड गं चष्मा," पलीकडे बाबा आधी पोरीला म्हणाले.

मग तिला म्हणाले, "अगं, तुझ्या सासूला जाऊन नऊ वर्षं झाली. आणि आरसाच बघायचा तर बाई इतक्या लांब कशाला येतेय? केबिनमध्ये नाहीये का एखादा?"