तमादाची खुर्ची

गावच्या मेजवानीत तमादा मीच असायचो. उभं राहून शुभेच्छा द्यायच्या आणि वाइनने भरलेलं बैलाचं शिंग सगळ्यांच्या आधी पिऊन रिकामं करायचं, हे माझं काम. शेवटी छातीतली जळजळ सोसवेना, म्हणून ऑपरेशन केलं. तयारी ती काय, आदल्या रात्री उपाशी राहायचं. डॉक्टरांनी तोंडातूनच नळी घालून जठराचं तोंड आवळलं, पोटावर ओरखडासुद्धा नाही.

आता मी घरात गाळलेलं सूप पितोय आणि शेजारच्या लग्नात माझ्या खुर्चीवर आमच्याच गावचा गोचा तमादा होऊन बसलाय.

"काय बोलला हो गोचा! माणसं रडली," बायको लग्नाहून येऊन म्हणाली.

"कांदा जास्त झाला असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गोचा स्वतःच आला. दार लावून घेत हळूच म्हणाला, "वाझा, माझ्याही छातीत नुसती आग पेटलीय रे. तुझ्या डॉक्टरचा नंबर दे."

मी लगेच दिला.

 

"पण तयारी फार कडक असते हं," मी म्हणालो. "आजपासून सहा महिने वाइनला शिवायचं नाही. लग्नांची काळजी करू नकोस, मी आहे ना!"