ढावलो

"नवरी निघाल्याबिगर ढावलो गात नसतात, अंजू. अपशकुन असते. टिपलेलं पुसून टाक," तांड्यावरच्या ओट्यावर तूर पाखडत रुपीबाई म्हणाली. "याडी, तूच गायली ना काल!" अंजू हसली आणि यवतमाळच्या कॉलेजातल्या, बंजाऱ्यांच्या गोरबोलीच्या ध्वनिसंग्रहातून तिने आईचं पाठवणीचं गाणं पुसलं. दुसऱ्याच दिवशी रुपीबाई वावरात कोसळली आणि गेली. तेरवीनंतर अंजूने बॅकअप उघडला. तो जुना बॅकअप सगळाच परत चढवला असता, तर त्यानंतर सहकारी संजयने टिपलेले म्हाताऱ्यांचे आवाज गेले असते. "ताई, त्यातली एक काल वारली," संजय म्हणाला. "तिच्या पोरीले काय सांगता?" म्हणून अंजूने बॅकअपमधून एकच नोंद उचलणारा प्रोग्राम लिहिला. आईचा आवाज आला. लेकीने गळ्यात पडून 'मले धाडू नको' असं गायच्या ओळीपाशी, लेकीसाठी जागा सोडून, आई थांबली होती. स्वतःच्या पाठवणीत अंजू तिथे गप्पच राहिली होती. "याडी," ती म्हणाली, "मलेबी जायचं नव्हतं."